एका शिवीचा इतिहास : पँथर, सिकलसेल आणि मॉब डीप

आपल्या वस्त्यांमधली पोरं रॅप ऐकतात, रॅप करतात. त्यावर आपल्याच चळवळीतले काही ज्येष्ठ नाक मुरडतात. "हे काय परिवर्तनाचं गाणं आहे? शिव्या, बंदुका आणि माज. वामनदादांच्या लेकरांनी हे ऐकायचं?" असा त्यांचा सवाल असतो. दुसऱ्या बाजूला काही तरुण मित्र त्या गाण्यांतली बंदूक तेवढी उचलतात आणि तिलाच बंड समजतात. माझ्या मते दोघेही अर्धेच ऐकतात. म्हणून या लेखात न्यूयॉर्कच्या एका जोडीबद्दल लिहितो आहे. मॉब डीप हे तिचे नाव. हार्डकोर हिप हॉपचे नाव निघाले की या जोडीचा उल्लेख टळत नाही. राजकीय गाणी लिहिणारे म्हणून मात्र त्यांना कोणी ओळखत नाही आणि मीही तसा दावा करणार नाही. तरीही आंबेडकरी कार्यकर्त्याने त्यांचा इतिहास वाचायला हवा. का, ते एका शिवीपासून सांगतो.

१९९६ च्या जून महिन्यात टुपाक शकूरचे 'हिट एम अप' हे गाणे बाजारात आले. अमेरिकेतल्या पूर्व आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या रॅपर्समध्ये तेव्हा उघड वैर पेटले होते. त्या गाण्यात टुपाकने अनेकांचा नाव घेऊन उद्धार केला. मॉब डीपमधल्या प्रॉडिजीवर आल्यावर त्याने त्याच्या आजाराचीच टर उडवली. प्रॉडिजीला जन्मापासून सिकलसेल होता.

विदर्भातल्या वाचकाला हे वाचून चरचरले असेल. सिकलसेल म्हणजे काय, हे नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, गोंदियाच्या माणसाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आपल्या बौद्ध वस्त्यांमध्ये आणि आदिवासी पाड्यांवर हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. आता या प्रसंगातली खरी बोच सांगतो. ज्या टुपाकने ही टर उडवली, त्याची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर पार्टीची कार्यकर्ती होती. आणि अमेरिकेत काळ्यांच्या वस्त्यांमध्ये जाऊन सिकलसेलची मोफत तपासणी करणारी संघटना होती हीच ब्लॅक पँथर पार्टी.

आईच्या संघटनेने ज्या आजाराला राजकीय प्रश्न बनवले, तोच आजार पंचवीस वर्षांत लेकाच्या तोंडी शिवी कसा झाला? हा प्रश्न एका गायकाच्या स्वभावाचा नाही. मधल्या पंचवीस वर्षांत काय घडले, हे पाहिल्याशिवाय त्याचे उत्तर मिळणार नाही.

पँथरचा दवाखाना

ब्लॅक पँथर पार्टी १९६६ साली कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये ह्यू न्यूटन आणि बॉबी सील यांनी स्थापन केली. काळे जॅकेट, टोपी आणि हातात बंदूक हेच चित्र जगाने पाहिले, कारण वर्तमानपत्रांनी तेच दाखवले. १९६९ पासून याच संघटनेने शाळेत जाण्याआधी मुलांना मोफत नाश्ता द्यायला सुरुवात केली. पुढे मोफत दवाखाने उभे केले. १९७१ साली सिकलसेल तपासणीची मोहीम हाती घेतली. बोटातून रक्ताचा थेंब घ्यायचा, वाहक कोण आणि ग्रस्त कोण ते सांगायचे, आजार समजावून द्यायचा. १९७२ मध्ये त्यांनी आपला दहा कलमी कार्यक्रम सुधारला आणि त्यात सर्व शोषितांसाठी मोफत आरोग्यसेवेची मागणी घातली.

त्यांचा युक्तिवाद सरळ होता. या आजाराची अमेरिकी वैद्यकशास्त्रातली पहिली नोंद शिकागोच्या जेम्स हेरिक यांनी १९१० साली प्रसिद्ध केली. १९४९ साली लायनस पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमोग्लोबिनच्या रेणूतच बिघाड असल्याचे दाखवून दिले. म्हणजे विज्ञानाला आजार माहीत होता. रुग्ण मात्र बहुतांश काळे होते, म्हणून पैसा आणि लक्ष दोन्ही मिळत नव्हते. १९७२ साली राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सिकलसेल नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली. त्याचे सगळे श्रेय एकट्या पँथरचे नाही. पण वस्तीतल्या वेदनेला सार्वजनिक प्रश्न बनवण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

याच काळात सरकारी यंत्रणा संघटना मोडत होती. एफबीआयच्या गुप्त मोहिमेत पँथरमध्ये खबरे घुसवले गेले, फूट पाडली गेली. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागोत फ्रेड हॅम्प्टन या २१ वर्षांच्या नेत्याला पोलिसांनी राहत्या घरात गोळ्या घातल्या. न्यूयॉर्कमध्ये २१ पँथरवर कटाचा खटला भरला. त्यांत अफेनी शकूर होती. ती गरोदर होती, तुरुंगात होती आणि कोर्टात स्वतःची बाजू स्वतः लढली. मे १९७१ मध्ये ज्युरीने आरोपींना निर्दोष ठरवले. पुढच्याच महिन्यात टुपाकचा जन्म झाला. पँथरची सिकलसेल मोहीम आणि टुपाक, दोघांचे जन्मसाल एकच आहे.

क्वीन्सब्रिज : सरकारने बांधलेली वस्ती

मॉब डीपचे दोघेही १९७४ साली जन्मले. हॅवक म्हणजे केजुआन मुचिटा, हा क्वीन्सब्रिजचा. प्रॉडिजी म्हणजे अल्बर्ट जॉन्सन, हा लाँग आयलंडच्या हेम्पस्टेडचा. मॅनहॅटनच्या एका कला शिक्षणाच्या हायस्कूलमध्ये त्यांची गाठ पडली आणि पुढे क्वीन्सब्रिज हीच त्यांच्या गाण्याची भूमी झाली.

क्वीन्सब्रिज ही १९३९ साली खुली झालेली सरकारी वसाहत आहे. सहा मजली ९६ इमारती, तीन हजारांवर घरे. उत्तर अमेरिकेतली ही सर्वांत मोठी सार्वजनिक वसाहत मानली जाते. नदीपलीकडे मॅनहॅटनच्या श्रीमंत इमारती दिसतात आणि शेजारी वीजनिर्मिती केंद्राची धुराडी. बांधताना खर्च वाचवण्यासाठी लिफ्ट पहिल्या, तिसऱ्या आणि पाचव्या मजल्यावरच थांबेल अशी सोय केली होती. गरिबांसाठी घर बांधताना काटकसर कुठे करायची, हे व्यवस्थेला सगळ्या देशांत नेमके सुचते.

सुरुवातीला इथे गोरी कुटुंबे मोठ्या संख्येने होती. १९५० च्या दशकात प्रशासनाने वर्षाला तीन हजार डॉलरहून जास्त उत्पन्न असलेल्या कुटुंबांना मध्यमवर्गीय वसाहतींत हलवले. त्यांतली बहुसंख्य गोरी होती. त्यांच्या जागी प्रामुख्याने काळी आणि लॅटिनो कुटुंबे आली. म्हणजे एका वसाहतीत एकाच रंगाची गरिबी गोळा झाली ती फाइलीवरच्या निर्णयांमुळे. "ही माणसे अशीच राहतात" असे पुढे म्हणणाऱ्यांनी त्या फाइली वाचलेल्या नसतात. गावकुसाबाहेरच्या वाड्याबद्दलही असेच बोलले जायचे.

मग आले कायदे. १९७३ मध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर रॉकफेलर यांनी अमली पदार्थांविरुद्ध कायदे आणले. दोन औंस, म्हणजे जेमतेम ५७ ग्रॅम माल विकला तर किमान १५ वर्षे आणि कमाल जन्मठेप. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने त्यावर कळस चढवला. ५ ग्रॅम क्रॅक विकणाऱ्याला जी किमान शिक्षा, तीच ५०० ग्रॅम कोकेन पावडर विकणाऱ्याला. द्रव्य मुळात एकच, पण क्रॅकसाठी पकडले जाणारे मुख्यतः काळे होते. शंभरास एक हे प्रमाण २०१० पर्यंत टिकले आणि तेव्हाही शून्यावर आले नाही, अठरास एक झाले. कायद्याच्या पानावर वंशाचा उल्लेख एकदाही न करता वंशभेद कसा करता येतो, याचा हा नमुना आहे. बाबासाहेबांचा विद्यार्थी असलेल्या प्रत्येकाने तो समजून घ्यावा.

१९९० साली न्यूयॉर्क शहरात दोन हजारांहून जास्त खून झाले. हॅवक आणि प्रॉडिजी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांचे होते.

भीतीचे संगीत

क्वीन्सब्रिजला गाण्याची परंपरा होती. निर्माता मार्ली मार्ल इथला. १९८४ साली चौदा वर्षांची रोक्सॅन शांटे याच वसाहतीतून आली आणि तिने पुरुष रॅपर्सना चारचौघांत जागा दाखवली. १९९४ मध्ये नासचा 'इल्मॅटिक' आला. मॉब डीपचा पहिला अल्बम 'जुवेनाइल हेल' मात्र १९९३ मध्ये आपटला आणि कंपनीने त्यांना सोडून दिले. वीस वर्षे पूर्ण व्हायच्या आतच ते अपयशी ठरलेले कलाकार होते.

त्यानंतर त्यांनी जे केले ते एप्रिल १९९५ च्या 'द इन्फेमस' या अल्बममध्ये ऐकू येते. ध्वनी बहुतांशी हॅवकने घडवला. जुन्या तबकड्यांमधले पियानोचे दोन-चार स्वर घ्यायचे, संथ करायचे, खाली ओढायचे, इतके की मूळ गाणे ओळखू येऊ नये. त्याखाली जड ढोल. सूर कुठेही मोकळा होत नाही. 'शूक वन्स पार्ट टू' या त्यांच्या सर्वांत गाजलेल्या गाण्यातले पियानोचे स्वर कुठून आले, हे शोधायला दर्दी श्रोत्यांना सोळा वर्षे लागली. २०११ मध्ये कळले की ते हर्बी हॅन्कॉकच्या १९६९ च्या 'जेसिका' या हळुवार जाझ रचनेतले आहेत. एका शांत, कोमल सुरातून हॅवकने दहशत काढली.

आणि हे गाणे कशाबद्दल आहे? 'शूक' म्हणजे आतून हादरलेला, थरकाप उडालेला. गाणे दरडावते, धमकावते, पण त्याचा विषय भीती हाच आहे. कोण खरा आणि कोण भीती लपवून सोंग आणणारा, एवढाच त्यातला प्रश्न. जिथे घाबरलेला दिसला की माणूस संपतो, तिथल्या वीस वर्षांच्या पोराचा हा जबाब आहे. हार्डकोर म्हणतात ते हे. दिलासा नाही, उपदेश नाही, शेवटी सूर्य उगवत नाही.

आपल्याला हे नवे नाही. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा पांढरपेशा वाचकांनी भाषेवरच बोट ठेवले होते. घाणीत राहायला लावायचे आणि घाणीची भाषा बोलली की कान झाकायचे, ही रीत जुनी आहे. त्या वेळी आपण ढसाळांच्या बाजूने उभे राहिलो. मग न्यूयॉर्कच्या पोरांना वेगळा न्याय का?

पण फरकही सांगितला पाहिजे. ढसाळांच्या शिवीचे तोंड व्यवस्थेकडे होते. मॉब डीपच्या बंदुकीचे तोंड बहुतेक वेळा समोरच्या काळ्या पोराकडे आहे. बायकांबद्दलची त्यांची भाषा जागोजागी लाज आणणारी आहे. तिचे समर्थन मी करणार नाही आणि रोक्सॅन शांटेच्या वसाहतीतून आलेल्यांना तर ती सवलत मुळीच देणार नाही. भीतीचे वर्णन त्यांनी अचूक केले, भीती निर्माण करणाऱ्याचे नाव मात्र क्वचित घेतले. नाव घ्यायला शिकवणारी संघटना त्यांच्या जन्माआधीच खिळखिळी झाली होती.

प्रॉडिजीचे शरीर

प्रॉडिजीच्या घराण्याचा इतिहास पाहिला तर थक्क व्हायला होते. त्याचे खापरपणजोबा विल्यम जेफरसन व्हाइट यांनी १८६७ साली जॉर्जियात मुक्त झालेल्या गुलामांसाठी शाळा काढली. तिचेच पुढे मोरहाउस कॉलेज झाले, जिथे मार्टिन ल्यूथर किंग शिकले. आजोबा बड जॉन्सन नावाजलेले जाझ सॅक्सोफोनवादक. शिक्षण होते, कला होती. तरी रक्तातला आजार आणि रस्त्यावरचा काळ त्याला चुकला नाही.

सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथून सुरू होणारी वेदना सांगता येत नाही. थंडी, ताप, कमी पाणी, दमणूक, काहीही निमित्त पुरते. लहानपणापासून प्रॉडिजी दवाखान्यात पडून राहिला. त्याच्या आवाजातला तो थंड, थकलेला, तरी न हलणारा सूर ऐकताना हे लक्षात ठेवा. ज्याला रोज स्वतःच्या रक्ताची भीती बाळगावी लागते, त्याने भीतीवर गाणे लिहिले होते.

अशा माणसाची टुपाकने टर उडवली. मॉब डीपने त्याच वर्षी गाण्यातून उलट वार केला. सप्टेंबर १९९६ मध्ये टुपाक गोळीबारात मेला, वय २५. मला टुपाकला खलनायक करायचे नाही. आईची चळवळ मोडली, अफेनी स्वतः पुढे क्रॅकच्या विळख्यात सापडली आणि मोठ्या जिद्दीने बाहेर आली. लेकाला चळवळीचा राग वारशात मिळाला, दवाखाना मिळाला नाही. संघटना तुटली की वेदना एकेकट्याची होते. मग ती लपवावी लागते आणि शत्रूच्या हाती लागली की तिची शिवी होते.

प्रॉडिजीचे खरे उत्तर चार वर्षांनी आले. २००० सालच्या 'एच.एन.आय.सी.' या त्याच्या एकट्याच्या अल्बममध्ये 'यू कॅन नेव्हर फील माय पेन' हे गाणे आहे. त्यात तो आपल्या सिकलसेलबद्दल, सुयांबद्दल, औषधांबद्दल, एकटेपणाबद्दल उघड बोलतो. ज्या संगीतात दुबळेपणा दाखवणे हा गुन्हा, तिथे सर्वांत कणखर समजल्या जाणाऱ्या माणसाने आजारी शरीर समोर ठेवले. माझ्या लेखी त्याच्या सगळ्या बंदुकांच्या गाण्यांपेक्षा हे धाडस मोठे आहे.

पुढे बेकायदा शस्त्र बाळगल्याच्या गुन्ह्यात तो सुमारे तीन वर्षे तुरुंगात राहिला. २०११ मध्ये सुटल्यावर त्याने आत्मचरित्र प्रसिद्ध केले आणि २०१६ मध्ये तुरुंगातल्या स्वयंपाकावर पुस्तक लिहिले. सिकलसेलच्या रुग्णाने जेलच्या अन्नावर जीव कसा जगवायचा, हा त्यामागचा अनुभव होता. जून २०१७ मध्ये लास वेगासला कार्यक्रम केल्यानंतर त्रास वाढून तो रुग्णालयात दाखल झाला आणि तिथेच वारला. वय ४२.

आपल्यासाठी यात काय आहे?

बाबासाहेब १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले. १९४६ मध्ये त्यांनी डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागवली. त्यांचा लढा आपण अभ्यासावा, ही वाट बाबासाहेबांनीच घालून दिली. १९७२ मध्ये दलित पँथर उभी राहिली तेव्हा आपण त्यांचे नाव घेतले, त्वेष घेतला. त्याच वर्षी ते लोक वस्तीत रक्त तपासत होते. ते आपण किती घेतले?

माझ्या लहानपणी शेजारच्या घरातला एक मुलगा हिवाळ्यात रात्र रात्र कण्हत असे. वस्तीतली माणसे त्याला 'वाताचा' म्हणायची. एका दवाखान्यात त्याला "शाळा बुडवायला नाटक करतो" असे ऐकवले गेले. निदान झाल्यावर घरच्यांनी ते लपवले, कारण बहिणीचे लग्न जमायचे होते. ती शिवी आपल्याकडे गाण्यात नसते. ती सोयरिकीच्या बैठकीत, कुजबुजीत असते आणि तिचा मार बहुतेक वेळा पोरींना बसतो.

आज कायदा आणि योजना दोन्ही आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला, पण नोकरीतल्या ४ टक्के आरक्षणाच्या यादीत या रक्तविकाराला जागा दिली नाही. २०२३ मध्ये केंद्राने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आणि २०४७ चे उद्दिष्ट ठेवले. तिचा भर आदिवासी भागांवर आहे आणि तो योग्यच आहे. पण विदर्भातल्या बौद्ध वस्त्यांमध्येही हे रक्त वाहते, हे ठामपणे सांगणार कोण? अमेरिकेच्या हवाई दलाच्या अकादमीने १९८१ पर्यंत निव्वळ वाहक असलेल्या तरुणांनाही प्रवेश नाकारला होता. तपासणीसोबत हक्कांची लढाई नसेल तर तपासणीच शिक्का बनते, हा त्यातला धडा आहे.

म्हणून ज्येष्ठांना माझी विनंती आहे, की पोरांचा रॅप बंद करू नका. आधी ऐका, तो कशाला घाबरला आहे ते समजून घ्या. जलशाने एके काळी हेच केले होते, वस्तीचे दुःख वस्तीच्या भाषेत मांडले होते. आणि रॅप करणाऱ्या मित्रांनो, मॉब डीपकडून बंदूक घेऊ नका. ती त्यांच्या पोरांनाच लागली. घ्यायचेच असेल तर न लपवण्याचे धाडस घ्या. आणि जिथे ते थांबले तिथून पुढे जा : भीती कोणी निर्माण केली, त्याचे नाव घ्या.

पुढच्या १४ एप्रिलला डीजेच्या भिंतीवर खर्च होईल, त्यातला एक हिस्सा बाजूला काढा. आरोग्य विभागाशी बोलून वस्तीत सिकलसेल तपासणीचे शिबिर लावा. दोन वाहकांच्या अपत्याला प्रत्येक बाळंतपणात ग्रस्त असण्याची शक्यता २५ टक्के असते, हे मंचावरून सांगा. अहवाल गुप्त राहील, याची जबाबदारी घ्या. आणि त्याच मंचावर तुमच्या वस्तीतल्या पोराला किंवा पोरीला माइक द्या, आपल्या रक्ताबद्दल मोठ्याने बोलायला.

जय भीम!